तिकीट नसलेली बाग

मे महिना लागला की आमच्या घरात मुलांचा एकच धोशा असतो. मुंबईला आत्याकडे कधी जायचे? जालन्याच्या उन्हात पत्र्याच्या घरात दुपारी बसवत नाही. टँकर येईल त्या दिवशी पाणी. मुलांच्या शाळा बंद. पण सहा माणसांनी मुंबईला जायचे म्हणजे खर्च आला. आमचे हे सळयांच्या कारखान्यात भट्टीवर आहेत. जितके दिवस सुट्टी, तितक्या दिवसांचा पगार कापला जातो. त्यामुळे दोन वर्षे "पुढच्या वर्षी जाऊ" असेच चालले होते. गेल्या उन्हाळ्यात सासूबाईंनीच विषय काढला. "माझे गुडघे आता किती दिवस साथ देणार? लेकीचं घर एकदा डोळे भरून पाहून येऊ द्या." मग मात्र ह्यांनी आठ दिवसांची रजा टाकली आणि आम्ही तपोवन एक्सप्रेसने निघालो.

नणंदबाई नायगावला बीडीडी चाळीत राहतात. वाचकांपैकी पुष्कळांना या चाळी ठाऊक असतील. कित्येकांचे तर बालपण तेथे गेले असेल. १९२०च्या दशकात सरकारच्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने कामगारांसाठी त्या बांधल्या. एकेक खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. आता तेथे पुनर्विकासाचे काम चालू आहे. नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांचे घर मिळणार आहे, पण नणंदबाईंच्या चाळीची पाळी अजून यायची आहे. त्यांची चार माणसे, आमची सहा. १६० चौरस फुटांत आम्ही दहा जण झालो.

नणंदबाईंनी तोंडावर कधी नाराजी दाखवली नाही. "जयभीम वहिनी, या, या," म्हणत त्यांनी दारातच धाकटीला उचलून घेतले. रात्री पुरुषमंडळी बाहेर पॅसेजमध्ये चटया टाकून झोपत. पण दिवसा काय करायचे? शेजारच्या खोलीत रात्रपाळी करून आलेला माणूस झोपलेला असे. पाच मुलांनी जरा आवाज केला की भिंतीवर थाप पडे. दुसऱ्याच दिवशी मुले कंटाळली. नणंदबाईंच्या मुलाने मोबाईलवर पाण्याच्या घसरगुंड्या असलेल्या कुठल्याशा पार्कची चित्रे दाखवली आणि सगळ्यांनी "तिथेच जायचं" म्हणून हट्ट धरला. ह्यांनी दहा जणांच्या तिकिटांचा हिशेब बोटांवर केला. मग ते काही न बोलता पॅसेजमध्ये जाऊन उभे राहिले. बाप मुलांना "नाही" म्हणतो तेव्हा त्याला काय वाटत असेल, ते ह्यांच्या पाठीकडे पाहून मला कळले.

दाजींनी ते पाहिले असावे. दाजी महानगरपालिकेच्या उद्यान खात्यात माळी आहेत. तीस वर्षे नोकरी झाली, आता निवृत्ती जवळ आली आहे. ते म्हणाले, "उद्या माझा साप्ताहिक सुट्टीचा दिवस. संध्याकाळी सगळे फाइव्ह गार्डनला जाऊ."

"तिथं काय आहे?" आमच्या मधल्याने विचारले.

"झाडं."

"झाडं तर जालन्यात पण आहेत!"

दाजी हसले. "आहेत ना. पण त्यांच्याशी तुझी ओळख कुठं आहे?"

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर आम्ही निघालो. नणंदबाईंनी चपात्या आणि बटाट्याची भाजी बांधून घेतली होती. मी जालन्याहून आणलेली शेंगदाण्याची चटणी घेतली, पाण्याच्या चार बाटल्या घेतल्या. बसच्या भाड्याचा प्रश्नच नव्हता. सासूबाईंच्या चालीने, थांबत थांबत, आम्ही पायीच गेलो. दादर पारशी कॉलनीत शिरलो तशी हवा बदलली. दोन्ही बाजूंनी मोठमोठी झाडे, बुटक्या जुन्या इमारती, रस्त्यावर सावली. पुढे मोकळ्यावर एकमेकींना लागून पाच बागा आणि त्यांच्या मधून जाणारे रस्ते. म्हणूनच नाव फाइव्ह गार्डन.

फाटकाशी धाकटी थांबली. "मम्मी, तिकीट कुठं काढायचं?"

"तिकीट नाही गं. फुकट आहे."

त्यावर थोरली, जी आता सातवीत आहे, माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "फुकट आहे, तर मग आपल्याला कुणी उठवणार तर नाही ना?"

माझ्या पोटात कालवले. मागच्या वर्षी गावात एका लग्नाच्या हॉलपुढच्या हिरवळीवर मुले खेळत होती, तेव्हा वॉचमनने शिट्टी मारून हाकलले होते. पोरीने ते लक्षात ठेवले होते. आणि खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच होते. आत शिरताच मी मुलांना सूचना द्यायला लागले. पळू नका. ओरडू नका. त्या लोकांच्या जवळ जाऊ नका. गवतावर पाय ठेवू नका. मुलांना बागेत आणले होते की शिक्षेला, असे आज वाटते. चाळीत भिंतीवर थाप पडते म्हणून गप्प बसवलेल्या मुलांना मी मोकळ्या बागेतही गप्पच बसवत होते.

सासूबाईंचे तर आणखी निराळे. एका लांब बाकावर दोन वयस्कर बाया बसल्या होत्या. बाजूला दोघींची जागा सहज मोकळी होती. सासूबाई बाकापर्यंत गेल्या, त्यांनी पदर सावरला आणि बाकाशेजारी खाली जमिनीवर बसल्या.

"आई, वर बसा की," मी म्हणाले.

"इथंच बरं हाय. गार लागतंय."

मलाही ते खरे वाटले, कारण दिवसभराचा उकाडा होता. पण मुलांना अशी उत्तरे पुरत नाहीत. धाकटीने विचारले, "आजी, तुझे गुडघे दुखतात ना? मग खाली कशी उठशील?" मधला म्हणाला, "बाक काय दुसऱ्याचा आहे का?"

सासूबाई थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी जे सांगितले, ते मी लग्न होऊन इतकी वर्षे झाली तरी ऐकले नव्हते. ह्यांनीही ऐकले नव्हते. सासूबाई सात-आठ वर्षांच्या असताना त्यांच्या गावात वेशीजवळ मोठ्या झाडाला दगडी पार होता. शेताकडून येताना त्यांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. काटा काढायला त्या पाराच्या कडेवर टेकल्या. तेवढ्यात कुणीतरी पाहिले. संध्याकाळी त्यांच्या वडिलांना बोलावून घेतले आणि सगळ्यांच्या देखत हात जोडायला लावले. "बापानं मला मारलं नाही," सासूबाई म्हणाल्या. "नुसता माझ्याकडं बघत राहिला. त्याच्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. तवापासून उंच जागी बसायचं म्हटलं की पाय वर जात नाहीत माझे."

ह्यांनी मान खाली घातली. नणंदबाई डोळे पुसायला लागल्या. मला काय बोलावे ते सुचेना.

बोलली ती थोरली. "आजी, आमच्या नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आहे. सरकारच्या पैशानं राखलेल्या जागेवर कुणालाच अडवता येत नाही. संविधानात लिहिलंय." मघाशी "कुणी उठवणार तर नाही ना" म्हणून विचारणारी हीच पोर. परीक्षेसाठी पाठ केलेले वाक्य तिला आजीसाठी आठवले, आणि बोलता बोलता ते तिचे तिलाही पटले असावे.

भगिनींनो, १४ एप्रिलच्या सभांना आपण दरवर्षी जातो. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात असा, हे आपण ऐकतो. ठराव कागदावरच राहिला, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले, तेव्हा कुठे त्या कागदात जीव आला, हेही ऐकतो. पुढे संविधानाच्या १५व्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या जोडीने सरकारी पैशाने राखलेली सार्वजनिक वावराची प्रत्येक ठिकाणे आली. त्या "ठिकाणां"मध्ये बागेतला एक साधा बाकही येतो, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आले नव्हते. मी तळ्याजवळच थांबले होते. माझी सासू बाकाखाली बसली होती.

बाकावरच्या बायांनी आमचे बोलणे ऐकले की नाही, कोण जाणे. त्यातल्या एकीने आपली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि म्हणाली, "या ना आजी, जागा आहे." नातवंडांनी दोन्ही हात धरले. सासूबाई उठल्या आणि बाकावर बसल्या. अगदी कडेला, अंग चोरून बसल्या, पण बसल्या.

त्या बाईने विचारले, "कुठून आलात?" सासूबाई म्हणाल्या, "जालन्याहून." "कुणाकडे?" "लेकीकडं. नायगावला, बीडीडीत." पुढचा प्रश्न काय येईल म्हणून माझा श्वास अडकला. उत्तर घशाशी तयार ठेवले होते. पण बाई एवढेच म्हणाली, "जालन्याला फार ऊन असेल ना आता?" आणि मग दोघी गुडघेदुखीवर बोलू लागल्या. माझे तयार उत्तर तसेच राहिले. कधी कधी आपण ज्या दारावर धक्का मारायला जातो, ते उघडेच असते. नेहमी असते असे मी म्हणणार नाही. त्या दिवशी होते.

मग मीही मुलांना म्हटले, "जा, पळा." आणि ती जी सुटली ती सुटलीच. गुलमोहोर फुलला होता. त्याच्या खाली पडलेल्या फुलांतले लांब केसर घेऊन त्यांचे बोंडे एकमेकांत अडकवायचे आणि ओढायचे, ज्याचे बोंड तुटेल तो हरला, हा खेळ आम्ही लहानपणी खेळायचो. ह्यांनी तो मुलांना शिकवला आणि मुलांपेक्षा तेच जास्त रंगले. तिकिटांचा हिशेब करताना उतरलेला तो चेहरा पुन्हा दिसला नाही.

दाजींनी आम्हाला झाडांची ओळख करून दिली. कॉलनीच्या रस्त्यावरून छत्रीसारखे पसरलेले पर्जन्यवृक्ष दाखवले. त्याला विलायती शिरीषही म्हणतात. ते झाड अमेरिका खंडातले, गुलमोहोर मादागास्करचा. मधला म्हणाला, "म्हणजे हे पण आपल्यासारखे पाहुणेच?" दाजी म्हणाले, "पाहुणे म्हणून आले, आता घरचे झाले." सासूबाईंनी पर्जन्यवृक्षाची खाली पडलेली एक शेंग उचलून मोडली, वास घेतला आणि म्हणाल्या, "गोड हाय. शेळ्या आवडीनं खातील." दाजी चकित झाले. ते म्हणाले, "बरोबर, आई. गुरं-शेळ्या खातात ही शेंग." मग मुले आजीच्या भोवती गोळा झाली. बाभळीच्या शेंगा, बोराटीचा काटा, १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेल्यावर मिळालेली सुकडी, एकेक गोष्ट निघत गेली. घरी आजी बोलू लागली की टीव्हीचा आवाज वाढवणारी हीच मुले.

चपात्या खाऊन झाल्यावर आमच्या मधल्याने बिस्किटाचा रिकामा पुडा झुडपात फेकला. दाजी काही बोलले नाहीत. ते उठले, वाकले, पुडा उचलला आणि खिशात घातला. मधल्याने विचारले, "मामा, तुमची तर आज सुट्टी आहे ना?"

"माझी आहे रे. इथल्या माळ्याची उद्या नाही. सकाळी माझ्यासारखाच एक जण येईल आणि तुझ्या पुड्यासाठी कंबर वाकवील. त्याचीही कंबर दुखत असेल."

मधला गोरामोरा झाला. पण खरी लाज मला वाटली. फुकट म्हणजे कुणाचेच नाही, असे मीच त्याला न बोलता शिकवले होते. दाजींनी मग समजावले. पाणी घालायचे, वाळलेल्या फांद्या काढायच्या, पानगळ झाडायची, तुटलेला झोपाळा दुरुस्त करून घ्यायचा, हे सगळे रोजचे काम असते. त्याचे पैसे पालिका देते आणि पालिकेकडे ते लोकांच्या करातून येतात. "फुकट काही नसतं, आई," ते सासूबाईंना म्हणाले. "फाटकावर पैसे घेत नाहीत, कारण ते सगळ्यांनी मिळून आधीच भरलेले असतात."

या बागा कशा झाल्या, तेही त्यांनीच सांगितले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. कोंदट, अंधाऱ्या चाळींतून माणसे मरू लागली. तेव्हा सरकारला जाग आली आणि १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याकडच्या मोकळ्या जमिनीवर रुंद रस्ते, हवेशीर घरे आणि बागा आखल्या गेल्या. त्या ट्रस्टमधले अभियंता मंचेरजी जोशी यांनी पारशी कॉलनी उभी केली. म्हणजे मोकळी हवा ही चैन नव्हे, ती माणसाला जगायला लागते, हे शहराला एवढी माणसे गमावल्यावर कळले. मी मनात म्हटले, कळले खरे, पण त्यानंतर वीस-पंचवीस वर्षांनी कामगारांना खोल्या बांधल्या त्या १६० चौरस फुटांच्याच. ज्यांची घरे मोठी त्यांच्या दारात बाग, आणि ज्यांना बाग हवी ते अर्धा तास चालत येणार. असो. पण येणार, हे मात्र खरे. न येऊन नुकसान आपलेच.

दिवस मावळायला आला तसे दाजींनी मुलांना वर पाहायला सांगितले. पर्जन्यवृक्षाची पाने संध्याकाळी मिटतात. मघाशी दाट दिसणाऱ्या छत्रीतून आता आकाश दिसू लागले होते. धाकटी कुजबुजली, "झाड झोपलं. आता हळू बोला." त्या दिवशी मुलांना गप्प करण्यासाठी मला एकदाही डोळे वटारावे लागले नाहीत.

त्या आठ दिवसांत आम्ही चार वेळा फाइव्ह गार्डनला गेलो. एका सकाळी जवळच्या हिंदू कॉलनीत जाऊन राजगृह पाहिले. थोरलीने विचारले, "बाबासाहेब पण त्या बागेत जात असतील का?" मी म्हटले, "मला ठाऊक नाही. पण आपण जावं म्हणून ते इथे रात्र रात्र वाचत बसले, एवढं ठाऊक आहे." खर्च म्हणाल तर चार संध्याकाळींना मिळून भाजलेल्या शेंगा आणि एकदा भेळ, इतकाच. पाण्याच्या घसरगुंड्यांचे नाव नंतर कुणी काढले नाही. काढले असते तरी मला वाईट वाटले नसते. मुलांनी हट्ट करायचाच असतो.

शेवटच्या संध्याकाळची गोष्ट सांगते आणि थांबते. सासूबाई आता बाकाच्या मधोमध बसायला लागल्या होत्या. पदराच्या गाठीत दोन-चार शेंगा बांधलेल्या, जालन्याला नेऊन बी लावून पाहायचे म्हणून. तेवढ्यात एक तरुण बाई आली. कडेवर मूल, हातात पिशवी, पायांत स्लिपर, बहुधा कुठल्या तरी घरचे काम आटोपून आलेली. तिने इकडेतिकडे पाहिले आणि बाकाला टेकून खाली बसली. सासूबाई बाकाच्या कडेला सरकल्या. मोकळ्या जागेवर हात थोपटून म्हणाल्या, "बस माय, वर बस. जागा हाय." ती बाई उठून वर बसली. सासूबाईंनी तिला तिचे गाव विचारले, मुलाचे नाव विचारले, दुसरे काही विचारले नाही.

आता आम्ही जालन्याला दर रविवारी मुलांना गावच्या बागेत नेतो. दोन झोपाळे मोडलेले होते. ह्यांनी शेजारच्या चार जणांच्या सह्या घेऊन अर्ज दिला. एक दुरुस्त झाला, दुसऱ्यासाठी पुन्हा अर्ज दिला आहे. येताना एक रिकामी पिशवी न्यायची, आपला कचरा आपण परत आणायचा, हे काम मधल्याने स्वतःकडे घेतले आहे. सासूबाईंच्या बियांपैकी एक उगवली आहे. डब्यात लावली आहे, वीतभर झाली आहे. डब्यात ती किती दिवस राहणार? तिला फार मोठी जागा लागेल, असे दाजी फोनवर सांगतात. पावसाळ्यात बागेत लावायची परवानगी मागायची ठरवली आहे.

माझ्या भगिनींनो, या सुट्टीत तुमच्याही गावात किंवा पाहुण्यांच्या गावात एखादी बाग असेल. मुलांना घेऊन जा. सोबत म्हातारे माणूस असेल तर त्याला आधी बाकावर बसवा. आणि ते खालीच बसले, तर "गार लागत असेल" म्हणून सोडून देऊ नका. एकदा विचारा.